शर्यतीचा कॅम, रोजचा रस्ता: दक्षिण कॅलिफोर्नियातील एका धंद्याचा इतिहास

मोटारीच्या इंजिनातून अधिक ताकद काढण्याचे जे मार्ग विसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाले, त्यांत कॅमशाफ्ट बदलणे हा सर्वांत जुन्या मार्गांपैकी एक होय, आणि त्याभोवती १९२० नंतरच्या दशकांत लॉस एंजेलिसच्या परिसरात जो स्वतंत्र धंदा उभा राहिला, त्याचा इतिहास बहुधा शर्यतींच्या विक्रमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हे सांगणे अपुरे आहे. केवळ शर्यतीसाठी जहाल कॅम घासणे हे त्या कारागिरांना तुलनेने लवकर साधले. दीर्घकाळ पुरून उरला तो दुसराच प्रश्न, म्हणजे ज्या गाडीने माणूस रोज कामावर जातो, जी चौकात थांबल्यावर बंद पडता कामा नये आणि चढावर वरच्या गिअरमध्येही जिने झटके न मारता ओढले पाहिजे, त्या गाडीला जास्तीची ताकद देणारा कॅम कसा घडवायचा. या धंद्यातील मापनाची शिस्त, त्याची परिभाषा आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याची त्याची रीत या तिन्ही गोष्टी मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाने घडवल्या.

प्रश्न अवघड का, हे समजण्यासाठी कॅमशाफ्टचे काम पाहणे आवश्यक आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, पूर्ण होईपर्यंत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, आणि त्याच्यावरचे अंडाकृती उंचवटे, ज्यांना लोब म्हणतात, टॅपेट नावाच्या मधल्या तुकड्याला वर ढकलून आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, ठरल्या वेळी उघडतात. झडप किती उंच उचलली जाते त्या मापाला लिफ्ट म्हणतात आणि ती क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडी राहते त्या मापाला ड्युरेशन. कागदावर विचार केला तर पिस्टन खाली जाताना आतली झडप १८० अंश उघडी राहिली की पुरे. प्रत्यक्षात हवेलाही वजन आणि वेग असतो, आणि इंजिन जोरात फिरत असताना नळीतून धावत आलेला हवा-पेट्रोलचा लोंढा पिस्टन तळ गाठून वर निघाल्यावरही काही काळ आत शिरत राहतो. त्यामुळे झडप उशिरा बंद केली तर सिलिंडर अधिक भरतो आणि ताकद वाढते. परंतु हेच इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर चालत असेल तर त्या लोंढ्याला पुरेसा वेग नसतो, वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण उघड्या झडपेतून परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो, दाब पुरेसा चढत नाही, आणि ज्या वेगावर रोजचा चालक गाडी सर्वाधिक चालवतो नेमक्या त्याच वेगावर गाडीचा पिकअप मरतो.

दुसरी अडचण ओव्हरलॅपची. बाहेरची झडप पूर्ण मिटण्याआधीच आतली झडप उघडू लागते, आणि दोन्ही एकाच वेळी उघड्या असतात त्या अंशांना ओव्हरलॅप म्हणतात. उच्च वेगावर बाहेर धावणारा जळका वायू आपल्यामागे ताजे मिश्रण ओढून घेतो, म्हणून शर्यतीत ओव्हरलॅप हवासा असतो; पण आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसते चालू असताना, हवेची वाट नियंत्रित करणारा थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात, म्हणजे व्हॅक्यूम, तयार झालेला असतो आणि तो जळका वायू उलट्या दिशेने आत खेचतो. ताज्या मिश्रणात राख मिसळावी तसा हा वायू मिसळला की प्रत्येक स्फोट सारख्या ताकदीचा होत नाही, इंजिन लंगडत चालते, आणि व्हॅक्यूम घटल्यामुळे त्याच्यावर चालणारा पॉवर ब्रेकही कमजोर पडतो. लंगडणाऱ्या आयडलिंगचा तो घुमता आवाज अनेक तरुणांना फार प्रिय होता, आणि केवळ त्या आवाजासाठी गरजेपेक्षा मोठा कॅम घेणाऱ्यांची संख्या या धंद्यात नेहमीच लक्षणीय राहिली. धंद्यातील जाणत्यांनी मात्र या आवाजाकडे तडजोडीची किंमत म्हणूनच पाहिले.

या धंद्याच्या मुळाशी एड विनफील्ड हे नाव येते. १९०१ साली जन्मलेला हा कॅलिफोर्नियाचा रहिवासी किशोरवयातच हॅरी मिलर या शर्यतीच्या इंजिनांच्या निर्मात्याकडे कामाला लागला, पुढे स्वतःच्या नावाचे कार्ब्युरेटर बनवू लागला, आणि फोर्डच्या मॉडेल टी गाडीसाठी स्वतः तयार केलेल्या यंत्रावर कॅम घासू लागला. मॉडेल टीचे इंजिन सुमारे २.९ लिटरचे असूनही मूळ अवस्थेत केवळ २० अश्वशक्ती देई, कारण टिकाऊपणा आणि कुठल्याही दर्जाच्या पेट्रोलवर चालण्याची तयारी हेच त्याचे उद्दिष्ट होते. म्हणूनच त्याच्यात सुधारणेला भरपूर वाव होता, आणि कॅम बदलल्याचा फरक चालकाला पहिल्याच फेरीत जाणवत असे. विनफील्ड आपल्या पद्धतींबाबत अत्यंत गुप्तता पाळणारा होता, तरीही पुढच्या पिढीतील बहुतेक कॅम-कारागीर त्याला आपला मूळ गुरू मानत आले.

त्या काळात कॅम म्हणजे बहुधा नवा ओतलेला दांडा नसे, तर कारखान्याचाच कॅमशाफ्ट पुन्हा घासून दिलेला असे, आणि ही क्रिया जवळून पाहण्याजोगी आहे. लोबचा जो गोल भाग झडपेला हलवत नाही त्याला बेस सर्कल म्हणतात. लोबच्या शेंड्यावर धातू वाढवता येत नसला, तरी बेस सर्कल घासून लहान केले तर शेंडा आणि गोल भाग यांतील अंतर वाढते, म्हणजे लिफ्ट वाढते, आणि बाजूचे उतार नव्याने कापले की ड्युरेशनही बदलते. ग्राइंडिंग यंत्रावर कॅमशाफ्टसोबत एक मोठा नमुना-लोब, ज्याला मास्टर म्हणतात, फिरत असे. त्या मास्टरच्या आकारानुसार यंत्राचे झुलते टेबल पुढे-मागे होई आणि फिरणाऱ्या चाकासमोर दांड्याचा एकेक लोब तोच आकार घेई. चाक झिजून त्याचा व्यास घटला की कापलेल्या आकारातही सूक्ष्म फरक पडे, म्हणून चाक केव्हा बदलायचे हे ओळखणे हा कौशल्याचा भाग होता. बेस सर्कल लहान झाल्यामुळे टॅपेट आणि झडप यांच्यात फट पडे. मूळ फोर्ड व्ही-८ च्या टॅपेटला जुळवणीचा स्क्रूच नव्हता, तिथे झडपेच्या दांडीचे टोक घासून टॅपेट सेटिंग करावे लागे. त्यामुळे पुन्हा घासलेल्या कॅमबरोबर स्क्रू असलेले जुळवणीचे टॅपेट विकणे हा त्या दुकानांचा दुसरा धंदा झाला.

१९३२ साली फोर्डने ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सामान्य किमतीच्या गाडीत बसवले आणि या धंद्याला त्याचा खरा बाजार मिळाला. झडपा सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असल्यामुळे आणि वरचे हेड सपाट असल्यामुळे या इंजिनाला फ्लॅटहेड म्हणत. मंदीच्या काळात या गाड्या वापरून जुन्या झाल्यावर कामगारवर्गातील मुलांना थोडक्या डॉलरांत मिळू लागल्या, आणि लॉस एंजेलिसपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर मोहावे वाळवंटातील म्युरॉक नावाच्या कोरड्या तळ्याची सपाट, टणक भूमी त्यांना वेग मोजण्यासाठी उपलब्ध झाली. १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टाइमिंग असोसिएशन ही संघटना स्थापन होऊन या धावांना नियम आणि घड्याळ मिळाले. मात्र या इतिहासात निर्णायक गोष्ट घड्याळापेक्षा प्रवास ही होती, कारण बहुतेकांजवळ गाडी ओढून नेण्याचे साधन नव्हते; तीच गाडी चालवत वाळवंटात जायचे, मडगार्ड आणि काच उतरवून धाव घ्यायची, सारे पुन्हा चढवून परतायचे आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर हजर व्हायचे, असा क्रम होता. म्हणजे ज्या कॅमने वाळवंटात ताशी १०० मैलांचा वेग गाठायचा, त्यानेच शहरातील गर्दीतही निभावायचे, ही अट गरिबीने घातलेली होती, आणि रस्त्यावर चालवता येईल असा कॅम ही कल्पना तिच्यातूनच जन्मली.

या गरजेतून कॅमची प्रतवारी अपूर्णांकांत होऊ लागली: अर्धा रेस, पाऊण रेस, पूर्ण रेस. पाऊण रेस कॅम म्हणजे ज्याचे आयडलिंग थोडे खडबडीत असले तरी गाडी शहरात चालवता येते आणि वरच्या फेऱ्यांवर तिला जाणवण्याइतकी अधिक ताकद मिळते, असा सर्वसाधारण समज होता. या वर्गीकरणाला एकच मोठा दोष होता, तो म्हणजे त्याला कोणतेही समान माप नव्हते. एका दुकानाचा पाऊण रेस दुसऱ्याच्या पूर्ण रेसइतका जहाल असू शकत होता, आणि गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या शब्दाखेरीज आधार नव्हता. तरीही हे अपूर्णांक जवळजवळ तीन दशके टिकले, कारण त्यांत एक व्यवहारी शहाणपण होते: अंश आणि इंच न कळणाऱ्या मुलालाही आपण किती सोय सोडतो आहोत याचा अंदाज त्या शब्दांनी मिळत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांजवळ पैसा, यंत्रांचे शिक्षण आणि गाड्यांची हौस ही तिन्ही असल्यामुळे मागणी एकाएकी वाढली, आणि कॅमसाठी गिऱ्हाइकांना महिनोन्महिने थांबावे लागू लागले. ही दिरंगाई पाहूनच एड इस्केंडेरियन या आर्मेनियन वंशाच्या, १९२१ साली जन्मलेल्या तरुणाने सामान्य ग्राइंडिंग यंत्राचे कॅम-यंत्रात रूपांतर करून १९४६ च्या सुमारास लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत स्वतःचा धंदा सुरू केला. फ्लॅटहेडसाठी त्याने काढलेला ४०४ हा कॅम त्याच्या ०.४०४ इंच लिफ्टमुळे ओळखला गेला. मूळ फोर्ड कॅमची लिफ्ट ०.३ इंचाच्या आसपास असल्याने हा फरक फार मोठा होता, आणि म्हणूनच तो शर्यतीचाच कॅम राहिला. जानेवारी १९४८ मध्ये हॉट रॉड हे मासिक निघाल्यावर जाहिरातीच्या जोरावर हा स्थानिक धंदा टपालाने देशभर पोहोचला, आणि तेव्हाच एक नवी अडचण उभी राहिली: हजारो मैलांवरच्या ज्या गिऱ्हाइकाची गाडी कारागिराने पाहिलेलीच नाही, त्याला योग्य कॅम कसा द्यायचा? उत्तर म्हणून इंजिनाचा आकार, कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण), गाडीचे वजन, मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर आणि गाडीचा मुख्य वापर हे विचारण्याची रीत पडत गेली, आणि कॅम विकणारा हळूहळू सल्लागार बनला.

याच पिढीतील कॅम-कारागीर क्ले स्मिथचे कार्य विशेष आदराने नोंदवले पाहिजे, कारण त्याच्या हातून ताकद आणि काटकसर या दोन्ही गोष्टी एकाच ज्ञानातून साधल्या गेल्या. १९५२ साली ट्रॉय रटमनने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली तेव्हा त्याच्या गाडीचा मुख्य मेकॅनिक स्मिथच होता. त्याआधी १९५० साली सहकारी बिल स्ट्रॉपबरोबर त्याने मर्क्युरी गाडीला कमीत कमी इंधनात अंतर कापण्याच्या मोबिलगॅस स्पर्धेत विजयी केले होते, आणि मेक्सिकोतील कॅरेरा पानामेरिकाना या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी लिंकन गाड्याही या जोडीनेच तयार केल्या. सिलिंडर कोणत्या वेगावर किती भरावा याचा ज्याला नेमका अंदाज आहे, त्याला दोन्ही दिशांना जाता येते, हे त्याच्या कामाने दाखवून दिले. १९५४ साली इलिनॉय राज्यातील ड्यू क्वॉइन येथे पिटमधील अपघातात त्याचा अकाली मृत्यू झाला.

१९५५ साली शेव्हरोलेचे स्मॉल-ब्लॉक व्ही-८ आले आणि झडपा हेडमध्ये वर असलेल्या या हलक्या, जलद फिरणाऱ्या इंजिनाने फ्लॅटहेडचे युग संपवले. बाहेरच्या दुकानांचे ज्ञान आता खुद्द कारखान्यांत शिरू लागले. ब्रुसेल्समध्ये जन्मलेला अभियंता झोरा आर्कस-डुंटोव्ह १९५३ साली शेव्हरोलेच्या मूळ कंपनीत, जनरल मोटर्समध्ये, रुजू झाला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने वरिष्ठांना लिहिलेल्या टिपणात गाड्या वेगवान करणाऱ्या, म्हणजे हॉट रॉड करणाऱ्या, तरुणांकडे शेव्हरोलेने लक्ष द्यावे असा आग्रह धरला होता. त्याने आखलेल्या कॅमची लिफ्ट मूळच्या मानाने फारशी वाढवलेली नव्हती, पण झडप उघडी राहण्याचा काळ लांबवलेला होता, त्यामुळे झडप-यंत्रणेवर ताण न येता इंजिन वरच्या फेऱ्यांवर श्वास घेऊ शकले. १९५६ च्या आरंभी फ्लॉरिडातील डेटोना बीचच्या वाळूवर याच कॅमच्या आधारे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीने ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. डुंटोव्ह कॅम लोकांना विकल्या जाणाऱ्या गाडीत बसत होता आणि शहरातही सुसह्य होता, हे त्याचे खरे यश.

त्याच्यानंतर १९६४ साली आलेला शेव्हरोलेचा ३०-३० कॅम मात्र वेगळी कथा सांगतो. दोन्ही झडपांना ०.०३० इंचाची फट ठेवायची असल्यामुळे त्याला हे नाव पडले, आणि कारखान्याच्या पत्रकात त्याचे ड्युरेशन ३४६ अंश छापलेले होते. हा आकडा पाहणाऱ्याला वाटावे की ही गाडी रस्त्यावर उभीच राहणार नाही; वस्तुतः एवढ्या मोठ्या फटीमुळे लोबचा आरंभीचा आणि शेवटचा उतार अतिशय मंद ठेवलेला होता, आणि छापील अंशांपैकी बराच भाग त्या उतारातच खर्च होत होता. टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे सुमारे १.२७ मिलिमीटर, वर उचलला गेल्यापासून पुन्हा त्याच उंचीपर्यंत खाली येईपर्यंत मोजले तर हेच ड्युरेशन सुमारे २५४ अंश भरते. ०.०५० इंचावर मोजण्याची ही रीत रूढ करण्याचे श्रेय फ्लॉरिडातील हॅलंडेल येथे १९५३ साली धंदा सुरू करणाऱ्या हार्वी क्रेनला दिले जाते, आणि या संपूर्ण इतिहासात गिऱ्हाइकाच्या दृष्टीने याहून मोलाची सुधारणा दुसरी झाली नाही, कारण तिच्यामुळे दोन वेगळ्या कारागिरांचे कॅम प्रथमच एका मापाने तोलता येऊ लागले आणि अपूर्णांकांची जुनी प्रतवारी निरर्थक ठरली.

३०-३० कॅमनेच आणखी एक धडा दिला. कॉर्व्हेटच्या ५.४ लिटर इंजिनात तो रोजच्या वापराला कष्टाने का होईना जुळत असे. १९६७ पासून तोच कॅम कॅमॅरो झेड/२८ च्या ५.० लिटर इंजिनात बसवला गेला, तेव्हा खालच्या फेऱ्यांवर ते इंजिन फारच दुबळे वाटू लागले. सिलिंडर जितका मोठा तितका तोच कॅम सौम्य वागतो आणि जितका लहान तितका जहाल, हे तत्त्व धंद्यात पूर्वीपासून ठाऊक होते, पण दुकानात विकत मिळणाऱ्या गाडीने ते इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवले असेल. झेड/२८ त्या वर्षांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळत नसे, वातानुकूलनही नसे, यावरून कारखान्यालाही तिचा स्वभाव नीट माहीत होता असे दिसते.

१९७० च्या दशकात हवेतील प्रदूषणाचे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी धंद्याची दिशा बदलली. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते, म्हणून मोठे कॅम कायद्याच्या आड येऊ लागले. दुसरीकडे कारखान्यांनी कॉम्प्रेशन उतरवल्यामुळे उशिरा मिटणारी आतली झडप इंजिनाला आणखीच मंद करू लागली. तेव्हा कारागीर उलट्या दिशेने वळले आणि १५०० ते ४००० फेऱ्यांत ओढ देणारे आखूड ड्युरेशनचे कॅम निघाले, ज्यांना जड कॅम्पर गाड्यांवरून आरव्ही कॅम म्हणत. शर्यतवीरांनी त्यांना कमी लेखले, पण रोजच्या गाडीसाठी काय योग्य याचा सर्वांत नेटका अभ्यास याच काळात झाला. शेव्हरोलेच्या ५.७ लिटर इंजिनातील कारखान्याचा साधा कॅम ०.०५० इंचावर आतल्या झडपेला १९५ आणि बाहेरच्या झडपेला २०२ अंश देत असे. २१० ते २२० अंशांपर्यंत ऑटोमॅटिक गाडीही मूळ टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना द्रवाने जोडणाऱ्या भागावर) नीट चालते, पॉवर ब्रेकला पुरेसा व्हॅक्यूम मिळतो. २३० च्या पुढे गेल्यास अधिक फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर, मोठ्या गुणोत्तराचा अॅक्सल आणि चढे कॉम्प्रेशन यांची जोड द्यावीच लागते, नाहीतर गाडी मूळच्याहून मंद होते. आतल्या आणि बाहेरच्या लोबच्या शेंड्यांमधील अंतर, ज्याला लोब सेपरेशन म्हणतात, ११२ ते ११४ अंश ठेवले तर ओव्हरलॅप घटून आयडलिंग स्थिर राहते, आणि १०६-१०८ अंशांवर आणले तर मधल्या फेऱ्यांवर जोर वाढतो पण लंगडेपणाही वाढतो.

लोबची वक्र रेषा गणिताने आखण्याचे प्रयत्नही युद्धोत्तर काळातच वाढले. झडपेची स्प्रिंग, टॅपेट आणि दांड्या या ताणाखाली वाकतात हे धरून बहुपदी समीकरणाने लोब आखण्याची पॉलिडाइन पद्धत अभियंत्यांनी मांडली आणि इस्केंडेरियनने ती आपल्या कॅमच्या नावात मिरवली. फट आपोआप भरून काढणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटमुळे वरचेवर टॅपेट सेटिंग करण्याची गरज संपली. घर्षण कमी करणारा रोलर टॅपेट कॅम-कारागीर चेट हर्बर्टने शर्यतीच्या जगात लोकप्रिय केला, पण रस्त्यावरच्या गाडीत तो येण्यास दीर्घकाळ जावा लागला.

सौम्य आणि जहाल यांतील निवडच टाळण्याचा मार्ग मात्र कारखान्यातून आला: होंडाने १९८९ साली जपानमध्ये व्हीटेक इंजिन बाजारात आणले, ज्यात एकाच दांड्यावर शहरासाठी सौम्य आणि उच्च वेगासाठी जहाल असे दोन्ही लोब असून ठराविक फेऱ्यांवर तेलाच्या दाबाने एकावरून दुसऱ्यावर जाता येते. १.६ लिटरच्या त्या इंजिनाने १६० अश्वशक्ती दिली आणि नव्या गाड्यांपुरता अर्ध्या शतकाचा तिढा सुटला.

जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांना मात्र ही सोय नाही, आणि त्यांच्यासाठी निवड अजूनही करावी लागते. २००० नंतरच्या दशकात इंजिन ऑइलमधील जस्त आणि फॉस्फरसचे प्रमाण धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाच्या रक्षणासाठी कमी केले गेल्यावर सपाट टॅपेटचे नवे कॅम पहिल्याच तासांत घासून खराब होऊ लागले. अशा कॅमला बसवल्याबरोबर इंजिन आयडलिंगवर न सोडता सुमारे २० मिनिटे २००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे लागते, म्हणजे उसळलेले तेल लोबवर पडत राहते. आज बहुतेक ग्राहक हायड्रॉलिक रोलर कॅमकडे वळतात, कारण रोलर अधिक तीव्र उतारावर चढू शकत असल्याने तेवढ्याच ड्युरेशनमध्ये झडप अधिक उचलली जाते, आणि आयडलिंग व व्हॅक्यूम न गमावता जास्त ताकद मिळवण्याचा जो भाग १९३० च्या दशकातील कारागिराच्या आवाक्याबाहेर होता, त्यातला बराचसा आज साध्या गॅरेजमध्येही साधता येतो.